कांदा न खाल्लेली अळी

डॉ. कुंदा शेवाळे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते लासलगावच्या बाजार आवारात, सडक्या कांद्यांच्या ढिगाशी उकिडवं बसलेलं. मी तेव्हा एम.एस्सी. करत होतो आणि चांदवडहून वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसून लिलावाला आलो होतो. एक हमाल न राहवून म्हणाला, "मॅडम, चांगला माल तिकडं हाय." चिमट्याने अळी उचलून बाटलीत टाकत मॅडम म्हणाल्या, "मला सडकाच हवाय, दादा." मग ओळखपाळख नसताना त्यांनी मलाच विचारलं, "इतक्या घाणीत लोळते ही, मग आजारी का पडत नाही?" तो प्रश्न घेऊनच मी घरी गेलो. पुढच्या वर्षी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी दाखल झालो. "लय शिकला, अन् अळ्याच पाळतो का रं?" असं वडील म्हणाले, ते त्यांच्या जागी बरोबरच होतं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. आपल्या औषधांना न जुमानणारे जंतू वाढत चालले आहेत. किडे मात्र त्याच जंतूंच्या गराड्यात जगतात, कारण त्यांचं शरीर जंतू मारणारे पदार्थ स्वतःच तयार करतं. ते पदार्थ हाती लागले, तर न भरणाऱ्या जखमांवर कधीतरी उपयोगी पडतील.

दोन वर्षांनी माझ्या काचेच्या बशीत अळीच्या अर्काभोवती जंतू न वाढलेलं मोठं, स्वच्छ कडं दिसलं. मी पेढे वाटले. मॅडमनी परिषदेला निबंधही पाठवला. पण दोन दिवसांनी त्या बशीपाशी थबकल्या. "संजय, अळीनं काय खाल्लं होतं रे?"

"कांदाच, मॅडम."

बोललो आणि चूक लक्षात आली. कांद्याचा रसही जंतूंना थोडाफार मारतोच! कांद्याच्या घरात जन्मलेल्या मला त्या अर्काला येणारा कांद्याचा वास कधी जाणवलाच नव्हता. मॅडम एक शब्दही रागावल्या नाहीत. माझ्यासमोरच त्यांनी परिषदेच्या आयोजकांना फोन लावला. "निबंध मागे घेते. चूक माझी आहे, मार्गदर्शक मी आहे." असा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला रडू आलं, हे इथे लिहायला लाज वाटत नाही.

मग आम्ही अळ्या गव्हाच्या कोंड्यावर वाढवल्या, पिढ्यान् पिढ्या. कडं नाहीसं झालं. पाच महिने बशीत काहीच दिसेना. माझ्या प्रबंधाचे बारा वाजले असं समजून मी सोडून जाण्याचं पत्र लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, घडी घातली. "बघू. आधी कोंडा बदल, ओलसर झालाय." आठवड्याने त्याच म्हणाल्या, "धडधाकट अळी औषध कशाला बनवेल? तिला आजारी तर पडू दे." जंतूंत बुडवलेल्या सुईने आम्ही अळ्या टोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रक्ताच्या थेंबाभोवती मुगाच्या दाण्याएवढं कडं उमटलं. स्वच्छ सुईने टोचलेल्यांचं जवळजवळ नव्हतंच. मॅडमनी तोच प्रयोग तीनदा करायला लावला, आणि तिसऱ्यांदा मूळच्या सटाण्याकडच्या मॅडमची अहिराणी उसळून आली, "हाई खरं शे!"

शहरातच राहणाऱ्या माझ्या आत्याच्या पायाची जखम मधुमेहामुळे चिघळली होती. "तुझ्या अळ्यांचं औषध लाव की," ती म्हणाली, आणि मी वेड्यासारखं मॅडमकडे बाटली मागितली. त्यांनी साफ नकार दिला. "ते अजून औषध नाही. माणसावर आपण प्रयोग करायचा नाही." मात्र तासाभरात त्या स्वतः रिक्षा घेऊन आल्या आणि आत्याला दवाखान्यात भरती करूनच घरी गेल्या. आत्याचा पाय वाचला.

प्रबंध लिहिताना मी कांद्याची गोष्ट गाळली होती. मॅडमनी तो परत केला आणि ती पहिल्या प्रकरणात घालायला लावली. आज मी शिकवतो, तेव्हा माझे विद्यार्थी तेच प्रकरण आधी वाचतात.

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. निवृत्त होऊनही रोज प्रयोगशाळेत येतात आणि गुडघे दुखतात हे कुणाला कळू देत नाहीत. त्या गुडघ्यांना आराम पडो, त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थ आहे. त्या इवल्या कड्यापासून औषधापर्यंतची वाट लांबची आहे. पण ते औषध एक दिवस होणार, आणि झालं तरी मॅडमनी तीनदा तपासल्याशिवाय आम्ही ते कुणालाही देणार नाही.