शिडाच्या नावेतलं दूध

आमच्या दुधाला डिझेलचा वास यायचा. म्हशींचा त्यात काही दोष नव्हता. गाव गोदावरीच्या एका काठाला, डेअरी पलीकडं उमरीच्या बाजूला, आणि खालच्या बंधाऱ्याची दारं लावली की मधे पाणीच पाणी. नावेला विहिरीवरचं जुनं इंजिन बसवलेलं होतं. त्याचा धूर थेट कॅनवर. दुधाला वास लागायला काय वेळ लागतो? पलीकडं डेअरीवाला झाकण उघडायचा, वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. "न्हाई जमत, बाई. घेऊन जावा परत."

मी झाकणांना ओली फडकी बांधली. कॅन नावेच्या पार टोकाला ठेवले. तरी तेच! परत आलेल्या दुधाचा खवा आटवून हात भरून यायचे, आणि तो खवाही डिझेलचा. शेवटी डेअरीवाल्यानं तोंडावर सांगितलं, अजून एकदा वास आला तर तुमच्या गावचं दूध कायमचं बंद. माझ्या शब्दावर शेजारणींनी म्हशी घेतल्या होत्या. त्यांना काय तोंड दाखवणार होते मी?

माझे धाकटे दीर नांदेडला बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करतात. त्यांच्या कानावर घातलं तर ते टेम्पो भरून सामान घेऊनच आले. इंजिन उतरवलं. एका मोडक्या रिक्षाची मोटर नावेच्या पाण्यातल्या पंख्याला जोडली, वर सोलरच्या पाट्या टाकल्या, आणि मधोमध बांबू उभा करून ताडपत्रीचं शीड बांधलं.

"भाऊजी, ही नाव हाय का मांडव?" मी म्हटलं.

"हसा वैनी, हसा. वारा असला की शीड, नसला की मोटर. डिझेलचा थेंब लागायचा न्हाई. अन् शिडावर चाललो की खालचं पाणीच पंखा फिरवतंय, त्यानं बॅटरी भरती."

मला काही ते खरं वाटलं नाही. पण दुसरा इलाज तरी कुठं होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घरांचं दूध नावेत ठेवून आम्ही दोघं निघालो. वारा चांगला होता. शीड फुगलं, नाव आवाज न करता सरकली. इतकी शांतता, की कॅनमधलं दूध डुचमळलेलं ऐकू येत होतं. मला लई बरं वाटलं. पण मधल्या पाण्यात आलो आणि नाव रेंगाळायला लागली. काठ काही जवळ येईना, ऊन मात्र चढायला लागलं.

बघते तर भाऊजी मीटरवर डोळे लावून बसलेले. "वैनी, बॅटरी भरून राहिली बघा! फुकटात भरून राहिली!"

"अहो, पण नाव का चालंना?"

"पंखा करंट बनवतोय ना, त्यानं थोडी वढ लागती. थोडीच."

अस्सा राग आला मला! "थोडीच? उन्हात दूध नासलं तर तुमच्या बॅटरीत वतू का? मोटर चालू करा आधी!"

"अवो, पण आत्ताच तर भरायला…"

"भाऊजी!"

माझा आवाज ऐकून त्यांनी गपचूप बटण फिरवलं. शीड आणि मोटर दोन्हींच्या जोरावर नाव सरळ निघाली. मीटरचा काटा उतरायला लागला तसं त्यांचं तोंडही उतरलं. उतरू दे म्हटलं.

डेअरीवाल्यानं झाकण काढलं. वास घेतला. परत घेतला. मग बोट बुडवून त्यानं चव बघितली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आज दूध कुठलं आणलं?"

"आमचंच हाय की!"

एकेक कॅन उचलून त्यानं मोठ्या टाकीत ओतला. शेवटचा कॅन पालथा झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तिथंच खाली बसले आणि पदरात तोंड लपवून रडले. भाऊजी घाबरले. "काय झालं वैनी?" किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता.

परत निघताना ते मुकाट्यानं मोटरकडं वळले. मीच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या ती. शीड लावा, अन् भरा तुमची बॅटरी पोटभर. आता दुपार झाली तरी कॅनात नासायला काही न्हाई."