कोऱ्या लाकडावरचा शेंदूर

होडी बारा फुटांची. घरामागच्या जांभ्याच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, चार ठोकळ्यांवर ती पालथी ठेवली होती. सागाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून तिचे अंग तयार झाले होते. बघणाऱ्याला काम संपल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात निम्मे काम बाकी होते आणि ते घासण्याचे होते.

घासण्याला कोणी काम मानत नाही, हे मला त्या दिवसांत कळले. फळी कापताना पाहिली की लोक थांबून बघतात, हातोडीचा आवाज आला की विचारपूस करतात. घासणाऱ्या बाईला मात्र सल्ला देतात. शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून विचारले होते, "होडी करताय की चंदन उगाळताय?" हा विनोद त्यांनी पुढचे तीन आठवडे वापरला.

शिकवणारे एक म्हातारे सुतार होते. नाटे गावाजवळ राहत. उमेदीची सगळी वर्षे मासेमारीच्या लाकडी होड्या बांधण्यात गेली, मग फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांच्याकडे येणारी माणसे थांबली. दर पंधरा दिवसांनी ते एसटीने येत, काम बघत, चहा घेत आणि परत जात. पहिल्या खेपेला मी त्यांना मोठ्या अभिमानाने होडी दाखवली. लाकूड काचेसारखे लागत होते. त्यांनी डोळे मिटले, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत तळहात फिरवला आणि म्हणाले, "गुळगुळीत झाली, बाय. सारखी नाय झाली."

या दोन शब्दांतला फरक समजायला मला आठवडा लागला. हातात काचकागदाचा तुकडा धरून घासले की कागद उंचवट्यावरून जातो आणि खळग्यातही उतरतो. दोन्ही गुळगुळीत होतात, पण उंचवटा उंचवटाच राहतो आणि खळगा खळगाच. सुतारांनी प्लायची हातभर लांब, लवणारी पट्टी कापली, दोन्ही टोकांना मुठी बसवल्या आणि खाली काचकागद चिकटवला. ही पट्टी खळग्यात उतरत नाही, फक्त उंचवट्यालाच लागते. ती लाकडाच्या रेषेत चालवायची नाही, तिरकी चालवायची, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. घासण्याआधी सगळ्या अंगावर पेन्सिलीच्या रेघा मारायच्या. घासून झाल्यावर जिथे रेघ शिल्लक राहील, तिथे खळगा आहे असे समजायचे. मग पुन्हा रेघा आणि पुन्हा पट्टी.

हे सदतीस दिवस चालले. सदतिसाव्या दिवशी सुतारांनी होडीवरून दोनदा हात फिरवला. दुसऱ्या वेळी ते मधेच थांबले नाहीत. "लेप लाव," एवढेच म्हणाले. जाताना एक सूचना केली. लेप लागेपर्यंत लाकूड कोरे आहे, त्याला घामाचा हातसुद्धा लागता कामा नये. मी होडीवर धुतलेली सुती चादर पसरली. काठाला लावायची पट्टी पालीच्या वखारीत कापून तयार होती, ती दुसऱ्या दिवशी आणायची आणि त्यानंतरच्या सकाळी इपॉक्सीचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या राळेचा, पहिला लेप द्यायचा, असे ठरले.

पालीहून परतताना एसटीतच फोनवर फोटो आला. घरच्या ग्रुपवर तो मोठ्या भावाने टाकला होता. चादर काढलेली होती. होडीच्या पुढच्या टोकाजवळ, डाव्या अंगावर, वितीएवढे केशरी स्वस्तिक होते. खाली 'शुभारंभ' असे लिहिले होते आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

घरी पोचले तेव्हा दादा पेढे वाटत होता. चंदनवाले काकाही आले होते. दादा बागायतदार आहे, मुहूर्ताचा पक्का आहे आणि फाटकाची एक किल्ली त्याच्याकडे असते. त्याने सांगितले की पंचांगात दिवस उत्तम होता, मी काही करणार नाही हे त्याला माहीत होते, म्हणून त्याने उरकून घेतले. ते ठीक होते. नारळाचे पाणी शिंपडले होते, त्याने लाकडाचे तंतू उभे राहिले असते. तेही एका दिवसाच्या घासण्याने निभावले असते. मी स्वस्तिकाकडे बोट दाखवले. हे कुंकू आहे का, असे विचारले.

"कुंकू कशाला? पाण्यात धुऊन जाईल," दादा म्हणाला. "शेंदूर आहे. खोबरेलात कालवलाय, टिकायला हवा ना."

स्वतःच्या या दूरदृष्टीवर तो खूश होता. खाडीत जाणाऱ्या वस्तूला पाण्याने न जाणारी खूण करावी, इतका विचार त्याने केला होता. कोऱ्या सागावर तेल मुरले की त्यावर इपॉक्सी धरत नाही, लेप पापुद्र्यासारखा सुटतो, आत पाणी शिरते आणि लाकूड तिथून कुजायला लागते, हे त्याला माहीत नव्हते; तेल चालेल का, एवढे विचारायला मला एक फोन करावा हेही सुचले नव्हते.

मी स्वस्तिकाच्या कडेने पाण्याचे थेंब टाकून पाहिले. कोऱ्या लाकडात थेंब जिरतो. इथे रेघांच्या बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे उभे राहिले. कडेचा भाग थिनरच्या फडक्याने तीनदा पुसला. तरी थेंब उभेच. मग मी काचकागद घेतला. दादाने मनगट धरले.

"स्वस्तिक पुसतात का कधी?"

मी सांगितले की हा डाग आहे आणि तो होडीत पाणी घेईल. दादाचा आवाज चढला नाही, तो दुखावल्यासारखा झाला. त्याचा परिणाम जास्त होतो. "स्वस्तिक म्हणजे डाग?" त्याने सगळ्यांकडे बघत विचारले. वहिनीने हात तोंडावर नेला. काकांनी पेढा खाता खाता मान हलवली. सदतीस दिवस ज्यांनी घासण्याची चेष्टा केली होती, त्या सगळ्यांना आता होडीच्या त्या वीतभर भागाची अतोनात काळजी वाटू लागली होती. श्रद्धेवर रागावता येत नाही. रागावणारी बाईच शेवटी वाईट ठरते, आणि ती त्या अंगणात पंधरा मिनिटांत ठरलीही.

मी फोन केल्यावर सुतार तिसऱ्या दिवशी आले. दादाही हजर होता. सुतारांनी थेंब टाकून बघितला, नखाने लाकूड खरवडले, वास घेतला. त्यांच्याकडे पूजा होडीला रंग लागल्यावर, पाण्यात सोडताना होते, हे त्यांनी मला पूर्वी सांगितले होते. आता ते दादासमोर सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त थेंब फडक्याने टिपला. मी काचकागद पुढे केला, तर दोन पावले मागे सरकले.

"मी नाय पुसणार, बाय," म्हणाले. मग पुढे येऊन स्वस्तिकाभोवती बोटाने चौकोन आखत म्हणाले, "पुसायचा नाय ना? मग तुकडाच काढू."

दादाचा चेहरा उजळला. असा तोडगा हवा, असे तो म्हणाला.

तोडगा बरोबरच होता. घासून तेल जाईपर्यंत लाकूड कागदाएवढे पातळ झाले असते. मला संताप आला तो त्याचाच. एक चिन्ह पुसू नये म्हणून धडधाकट होडीला भोक पाडावे लागणार होते, आणि ज्याच्यामुळे ते पाडायचे, त्याला या तोडग्यात कुठेही चुकले असे म्हणावे लागत नव्हते. पहिला कट मी मारला. बारीक करवतीने, कड तिरकी ठेवून, म्हणजे नवा तुकडा झाकणासारखा बसेल. सागाचा तो चौकोन बाहेर आला तेव्हा आतून शेडमधला उजेड दिसला. सुतारांनी नवा तुकडा कापून बसवला, पुढचे काम माझे होते. ते पुन्हा नऊ दिवस चालले, कारण एका जागची उंची बदलली की शेजारचे दोन फूटही बदलतात. हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

तुकडा दादाने नेला. तो त्याने देवघरात उभा केला आणि त्याचाही फोटो ग्रुपवर आला. 'होडीचा पहिला प्रसाद' असे त्याखाली होते. मी जोडलेले हात पाठवले नाहीत. त्याची नोंद घेतली गेली असे वहिनीकडून कळले.

लेप नीट धरला. तीन हात दिले, मग रंग. आता होडी पाण्यात सोडायचा दिवस ठरवला आहे. तो पंचांग बघून नव्हे, भरती बघून ठरवला. काल दादाला तारीख आणि भरतीची वेळ कळवली. खाली एक ओळ लिहिली: पूजा अवश्य करावी, तेल आणू नये.

त्याने ती वाचल्याचे दिसते.