शाकारे आणि डेकर

वसईकडच्या आमच्या वटार गावात पाटील, म्हात्रे, राऊत पोत्याने सापडतील, पण शाकाऱ्यांचं घर एकच, काशीरामचं. त्याच्या पणज्याने गावातली निम्मी घरं शाकारली, म्हणजे पेंढा-झावळ्यांनी नीट झाकली. शाळेतल्या मास्तरांनी तेच आडनाव लावून टाकलं. झावळ्या जाऊन कौलं आली तरी काम घरातच राहिलं. दर वैशाखात काशीराम आमच्या छपरावर चढायचा, फुटकी कौलं काढायचा आणि वरूनच सगळ्या आळीच्या चौकश्या करायचा. कोणाकडे काय शिजतंय हे घरधन्याआधी त्याला कळायचं. आमची ही बादलीला दोरी बांधून त्याला चहा वर पाठवायची.

पुढे जो तो स्लॅब टाकत सुटला. मला त्या स्लॅबचा तेव्हाही राग होता, आजही आहे. मे महिन्यात आत बसलं की माणूस भाजून निघतो. काशीराम मात्र कुरकुरला नाही. त्याने वाडीत केळी लावल्या आणि एकुलत्या एका पोराला, प्रितेशला, आयटीआयला घातलं.

घोटाळा झाला तो आडनावाचा. वटारबाहेर ते कोणाला उमगायचंच नाही. आयटीआयच्या हजेरीत ते ‘शाकाहारी’ असं वाचलं गेलं आणि कायमचं चिकटलं. मित्राच्या लग्नात मटणाच्या पंगतीतून उठवून प्रितेशला वरणभातापुढे बसवलं, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तो कायम झाला, ते साल दोन हजार एक. त्याने घरी जाहीर केलं, की गॅझेटमध्ये देऊन मी पाटील होणार. छपरावर चढणाऱ्यांचं नाव मला नको. काशीराम त्याला काही बोलला नाही. बांधावर भेटला तेव्हा मला म्हणाला, "काम त गेलाच. आता पोरगा नाव पन उतरवतो."

त्याच सुमारास कारखान्यात नवं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. नाव डेकर. आता वसईत डेकरचं दुसरं काय होणार? पहिल्याच दिवशी तो ‘ढेकरसाहेब’ झाला. लोक तोंड फिरवून हसायचे. प्रितेशला मात्र हसू येईना. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, की तुमच्या नावाला काही अर्थ आहे का. डेकरने दोन्ही तळहात डोक्यावर छपरासारखे जोडले. छप्पर घालणारा, असा अर्थ. झाकणे या त्यांच्या शब्दावरूनच ते पडलेलं. घरं गवताने झाकणाऱ्यांना पूर्वी लोक तशी हाक मारायचे, आणि जर्मनीत काय, शेजारच्या हॉलंडमध्ये काय, डेकर पुष्कळ सापडतात.

प्रितेश डबा तसाच ठेवून ऐकत राहिला. रविवारी त्याने साहेबाला थेट वटारला जेवायला आणलं. मीही गेलो, बोलावलं नव्हतं तरी. काशीरामच्या बायकोने, रंभावहिनींनी, चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. साहेब घाम पुसत पुसत पोटभर जेवला, पण ढेकर काही दिला नाही. नावाला जागला नाही, असं वहिनी नंतर मला म्हणाल्या.

शेवटी काशीरामने प्रितेशकरवी विचारलं, की तुमच्यात अजून कोणी छपरावर चढतं का. डेकर हसला. त्याचे वडील पोस्टात होते, आजोबा शाळेत शिकवायचे. ते काम किती पिढ्यांमागे सुटलं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या घराचं छप्परसुद्धा त्याने दुसऱ्याकडून घालून घेतलं होतं.

"मग नाव अजून कशाला ठेवला?" काशीरामने विचारलं.

डेकरला आधी प्रश्नच समजेना. प्रितेशने तो पुन्हा समजावून सांगितला. त्यावर डेकर एवढंच म्हणाला, "माझ्या वडिलांचं आहे ते."

हे बापाला मराठीत सांगताना प्रितेश अडखळला. काशीरामने ऐकून घेतलं आणि मग पहिल्यांदाच पोराशी मनातलं बोलला.

"तुला वर चडायला लागू नये म्हनून त शिकवला रे बाबा. नाव तुला कुठे चडायला सांगते?"

प्रितेश खाली मान घालून ताटातला भात चिवडत राहिला. गॅझेटचं नाव त्याने पुन्हा कधी काढलं नाही. आणि मला विचाराल तर, बापाचं नाव त्याने त्याच दिवशी काढलं.