आक्काला दूध सोसत नव्हतं

१९४९ साली तानाबाई आमच्या गल्लीत राहायला आली, ती एक म्हैस, एक ट्रंक आणि एक भाऊ घेऊन. माणसं मलकापूरकडची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भाऊ आकाराम एकोणीस वर्षांचा. त्याला पैलवान करायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. मी काम करायची ती नाटक कंपनी तेव्हा नुकतीच बंद पडली होती आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच होती. पहाटे तिच्या भाकरीची थापथाप ऐकू आली की मला उगीच टाळ्या पडल्यासारखं वाटायचं.

आकारामची मेहनत आटोपायच्या वेळी ती म्हैस घेऊन तालमीच्या दारात जायची. तिथंच चरवीत धार काढायची आणि फेसाळ दूध आकारामच्या हातात द्यायची. मग कमरेवर हात ठेवून त्याच्या गळ्याकडं बघत राहायची. शेवटचा घोट उतरला की तिचा स्वतःचा चेहरा जेवल्यासारखा व्हायचा.

म्हैस दिवसाला सात शेर दूध द्यायची. सहा शेर आकारामला. उरलेलं शेरभर ती विरजायची आणि त्या ताकावर तिची भाकरी व्हायची.

एक दिवस वस्ताद म्हणाले, "आकाराम, अंग भरंना झालंय. खुराक वाढीव." तालमीत खुराकाला वरचं माप नव्हतंच. जेवढं पोटात जाईल तेवढं अंगावर येईल, असंच सगळे मानत. तेव्हापासून सातवा शेरही चरवीत गेला.

"आणि तू गं आक्का?" त्यानं विचारलं.

"मला दूध-ताक सोसत न्हाय आताशा. पोट गच्च हुतंय."

मी माझ्या घरची ताकाची वाटी पुढं केली, तर मलाही तेच. "बाई, तुमी लई गोड बोलतासा, पन सोसत न्हाय म्हंटलं की!" असं म्हणून हसली. इतकं सहज, की वीस वर्षं रंगभूमीवर खोटं रडून लोकांना खरं रडवणारी मी तिचं बोलणं खरं मानून मोकळी झाले.

आकाराम फुलत गेला. कुस्त्या मारू लागला, गडहिंग्लजच्या मैदानात त्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला. इकडं तानाबाई चटणी-भाकरी आणि कोरा चहा यांवर दिवस काढत होती. आधी वैरणीचा भारा एका दमात आणायची, मग वाटेत दोनदा टेकवायला लागली. पोलकं खांद्यावरून घसरायचं. "आक्का, तू वाळाय लागलीस," आकाराम म्हणायचा. "म्हशीनं खाल्लं मला," ती म्हणायची.

बावन्नच्या थंडीत तिला ताप आला आणि छाती भरली. आकारामनं तिला उचललं आणि दारातच थबकला. "लीलाबाई, हिच्यात वजनच न्हाय की वो," तो मला म्हणाला. दोन-दोन मणांचे गडी उचलणारा तो तिला तसाच हातांवर घेऊन दवाखान्याकडं निघाला, मी मागोमाग.

डॉक्टर गणपतरावांनी तिला तपासलं, खायचं-प्यायचं विचारलं. मग आकारामकडं वळले. "आणि तू रे?"

"सात शेर दूध. वर बदाम, तूप, मटण."

डॉक्टर म्हणाले, "अंग मेहनतीनं वाढतं, आकाराम. त्याला प्रथिनं लागतात, पण त्यालाही एक माप आहे. तुझ्या वजनाला तीन-चार शेर दूध आणि वाटीभर डाळ, भाकरी एवढं पुष्कळ झालं. वरचं अंगाला लागत नाही. काहीची चरबी होते, काही लघवीवाटे जातं. हिला मात्र रोज एक शेर मिळालं असतं, तर तापाशी झुंजायला अंगात काही राहिलं असतं."

"म्हंजी..." आकारामनं तिच्याकडं बघितलं. "आक्काच्या वाटणीचं मी मोरीत घातलं व्हय?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

संध्याकाळी घरी तो धारेचं दूध पेल्यात घेऊन तिच्या उशाशी बसला. तिनं हात आडवा धरला. "पंधरा दिसांवर मैदान आलंय. आधी तू पी. मग मी."

त्यानं पेला तोंडाला लावला, वरचा फेस मिशीला लावून घेतला आणि "आऽह" केलं.

तानाबाई क्षीण हसली. "लबाडा. नरडं हाललं न्हाय तुझं."

मग तो खरंच एक घोट प्याला. रडत रडत प्याला. तेव्हा कुठं तिनं दोन चमचे घेतले. तेवढेही पोटात राहिले नाहीत. आता खरोखरच सोसत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती गेली. आकाराम त्या मैदानाला गेला नाही, पुढच्याही नाही.

पाच-सहा वर्षांनी तो त्याच तालमीत वस्ताद झाला. नवा गडी आला की दंड-छाती बघायच्या आधी घरात कोण काय खातं, ते विचारायचा. पोरं पाठीमागं हसायची.

एकदा पेठ वडगावची एक बाई मुलाला घेऊन आली. मीही कट्ट्यावर टेकले होते. आकारामनं पेला भरून आधी तिच्यापुढं धरला.

ती लाजली. पदर सावरत म्हणाली, "नको वस्ताद, पोराला द्या. मला दूध सोसत न्हाय."

आकारामनं पेला मागं घेतला नाही. तो धिप्पाड माणूस तिच्यापुढं मातीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "प्या, आक्का. म्या बघतो."

आणि तिच्या गळ्याकडं बघत राहिला.