कसली भरती?

“अख्ख्या वर्गाची एकच चूक. आता हा योगायोग म्हणायचा का, ताई?” असं म्हणत साहेबांनी पाचवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

साहेब म्हणजे आमचे गटशिक्षणाधिकारी, तालुक्यातल्या झेडपी शाळांचे बॉस. मी तेव्हा केंद्रप्रमुख होते. आसपासच्या दहा-बारा शाळा बघायच्या आणि त्यांच्या वाटची बोलणी खायची, असं ते पद. हा तालुका धुळे जिल्ह्यातला. शाळा तापीकाठची, दोंडाईच्याहून फार लांब नाही. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या तोंडी नको.

तालुक्यात वाचन चाचणी झाली होती. यात मुलांना एक उतारा देतात आणि खाली प्रश्न. मूल नुसती अक्षरं लावतंय की समजून वाचतंय, ते त्यातून कळतं. समजून वाचण्याला आम्ही आकलन म्हणतो. उतारा साहेबांनी स्वतः लिहिला होता. ते मूळचे मालवणकडचे, आणि त्यांना लिहायची भारी हौस. उतारा असा होता:

“भरती आली की किनाऱ्यावर एकच गडबड उडते. मोठी माणसं बाजूला होतात. मुलं ओरडत पळत सुटतात. दिवसातून दोनदा हे असं चालतं. भरती संपली की सगळं शांत. कोणाच्या हाती शिंपले लागतात, कोणाच्या हाती नुसतीच वाळू.”

पहिला प्रश्न, मुलं का पळतात? या वर्गातल्या एकूण एक पोराने लिहिलं होतं, पोलीस होण्यासाठी. पुढचा प्रश्न, हाती वाळू लागणे म्हणजे काय? उत्तर, नंबर न लागणे. बाकीच्या शाळांत कोणी कोरं सोडलं होतं, कोणी तुक्के मारले होते. इथे मात्र सगळे एका सुरात.

साहेबांचं मत ठरलेलं होतं. बाईंनी उत्तरं सांगितली, पोरांनी उतरवून घेतली. मी म्हटलं, “साहेब, कॉपी करायची तर माणूस बरोबर उत्तराची करतो. चुकीची कशाला करेल?”

“बाईंनाच येत नसेल. नोटीस टाइप झाली आहे. तुमचा अहवाल आला की सही करतो.”

माझं टाळकंच सरकलं. आधी फाशी आणि मग चौकशी! पण बोलून उपयोग नव्हता. त्या वर्गाची सोनाली मॅडम लातूरकडची, एकटी खोली घेऊन राहणारी. ती शिक्षणसेवक होती. म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काम करायचं आणि काम समाधानकारक असल्याचा शेरा मिळाला, तरच कायम व्हायचं. तिची तीन वर्षं भरत आली होती. कॉपीची नोटीस फाइलला लागली असती तर संपलंच सगळं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच स्कूटीवर निघाले. गावाच्या अलीकडे हाफ पँटीतली पोरं रस्ता अडवून धावत होती. हॉर्न दिला तरी हटेनात, शेवटी मलाच स्कूटी बाजूला घ्यावी लागली. मी चांगलीच खडसावली त्यांना. “सॉरी मावशी” म्हणत ती काठाच्या वाळूत उतरली आणि तिथे पळायला लागली.

सोनाली मॅडमचे डोळे रडून सुजले होते. तिचं एकच पालुपद, मी काही सांगितलं नाही. चाचणीत मुलांना काहीही समजावून द्यायचं नाही, असा नियमच होता. तो तिने पाळला, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. मी तिला म्हटलं, रडणं आवर आणि एकेक मूल माझ्याकडे ऑफिसात पाठव. तू वर्गातच थांब.

पहिली आली रोशनी. दोन घट्ट वेण्या, धीट पोर. उतारा तिने कुठेही न अडखळता वाचला, स्वल्पविरामालाही थांबली. पुस्तकी मराठीत विचारलं की ही पोरं बुजतात, म्हणून पहिलाच प्रश्न मी अहिराणीत विचारला. “पोऱ्या का बरं पयतस?”

“भरतीकरता, मॅडम.”

“कसली भरती?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नापास झाले आहे. “पोलीसनी! मना भाऊ रोज पयस, तापीना काठवर. सकाय-संध्याकाय.” मग जरा आवाज उतरवून म्हणाली, “मांगे त्याना नंबर नही लागना.”

अगं बाई! मी मघाशी ज्यांच्यावर खेकसले, ती पोरं भरतीचीच तयारी करत होती. मी तो कागद पुन्हा वाचला, पण आता रोशनीच्या नजरेने. भरती आली की गडबड उडते. बरोबर. मोठी माणसं बाजूला होतात. मला व्हावंच लागलं होतं. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ. किनारा तापीचा, वाळू तापीची, शिंपलेही तापीत सापडतात. आणि शेवटी कोणाच्या हाती नुसतीच वाळू. तो रोशनीचा भाऊ. एकही वाक्य कुठे अडत नव्हतं.

समुद्र हा शब्द उताऱ्यात कुठेच नव्हता. मालवणच्या माणसाला किनारा म्हटलं की समुद्र वेगळा सांगावा लागत नाही. लिहिणारा जे गाळतो ते वाचणारा आपल्या घरचं घालून भरतो. या पोरांच्या घरी पोलीस भरती होती. दुपारपर्यंत मी सगळा वर्ग ऐकला. प्रत्येकाच्या घरात नाहीतर गल्लीत पळणारा कोणीतरी होताच. बिचारी पोरं समजूनच वाचत होती, आणि आम्ही त्यांना चोर ठरवायला निघालो होतो.

पण हे साहेबांच्या गळी कसं उतरवायचं? “तुमचा उतारा चुकला” असं तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी त्याच पेनाने नोटिशीवर सही ठोकली असती. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या मुलखातलं. रात्रीचा स्वयंपाक करता करता मला माहेरचाच शब्द आठवला.

सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात आमचे विस्तार अधिकारी भेटले. शाळा तपासायचं काम त्यांचं, राहणारे सोलापूरकडचे. त्यांना मी एक वाक्य लिहिलेली चिठ्ठी दिली आणि खाली उत्तर लिहून घेतलं. मग केबिनमध्ये जाऊन तेच वाक्य साहेबांपुढे ठेवलं. “कांदेबाग यंदा वेळेवर निसवली. आता फार थंडी पडली नाही म्हणजे मिळवलं.” खाली प्रश्न, शेतात काय लावलं आहे?

साहेब वैतागले. “कांदा! नावातच आहे की. हा काय पोरखेळ लावलाय?”

“केळी आहे, साहेब. पावसाळा सरताना लावतात त्या केळीला आमच्याकडे कांदेबाग म्हणतात. निसवली म्हणजे झाडातून घड बाहेर पडला.”

मग मी व्हरांड्यातली चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यावरही लिहिलं होतं, कांदा.

“दोघांची एकच चूक,” मी म्हटलं. “आता कॉपी कोणी कोणाची केली, तेवढं सांगा. अहवालात लिहिते.”

साहेबांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढून घेतला आणि वरची उघडली. मी त्यांना तापीकाठच्या पोरांचं सांगितलं. नंबर न लागणे, या उत्तरापाशी ते थांबले आणि हळूच म्हणाले, “माझाही धाकटा भाऊ दोनदा पळाला होता हो भरतीला.” नोटीस त्यांनी स्वतःच फाडली.

पुढच्या आठवड्यात त्या वर्गाची चाचणी पुन्हा घेतली, उतारा तोच. फक्त आधी सोनाली मॅडमने मोबाइलवर समुद्राचा व्हिडिओ दाखवला आणि पाणी कसं चढतं-उतरतं ते सांगितलं. झाडून सगळी पोरं पास झाली. रोशनीने तेवढं विचारलं, की समुद्राची भरती रोज दोनदा येते, मग पोलिसांची इतकी उशिरा का येते?

सोनाली मॅडम कायम झाली. साहेबांचं लिहिणं काही थांबलं नाही, पण नवा उतारा झाला की पहिला फोन मला यायचा, “ताई, तुमच्याकडे याचा भलताच काही अर्थ नाही ना?” आता मी रिटायर आहे. नवे शिक्षक भेटले की त्यांना एवढंच सांगते, पोराचं उत्तर चुकलं तर लाल पेनचं टोपण उघडण्याआधी विचारा, कसली भरती?