पाठवलेली बाई

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घ्यायचा तर धनीरामला विचारून घ्यायचा, असं अड्याळपासून तुमसरपर्यंतच्या बायका एकमेकींना सांगत. गुंड म्हणजे पाण्याचा हंडा. लेकीच्या लग्नात तो दिला नाही, तर सासरी तिचं काही खरं नव्हतं. धनीराम आधी भट्टीवर कामाला होता. एकदा वितळलेलं पितळ डाव्या हातावर सांडलं, बोटं आखडली, आणि तो भैय्यालालशेठच्या दुकानात भांडी दाखवायला लागला. सतरा वर्षं झाली त्याला. उजवा हात शाबूत होता. बुडावर टिचकी मारली की गुंडाला चीर आहे की नाही, हे त्याला आवाजावरून कळायचं.

ठोकताना दहात एखादा गुंड चिरायचाच. ती चीर कथलाने भरायची, वरून घासून चकचकीत करायची आणि गुंड चांगल्यांच्या रांगेत मांडायचा, ही शेठची रीत. धनीरामने मालकाच्या मालाला कधी तोंडाने नावं ठेवली नाहीत. टिचकी मारायचा, आवाज बद्द आला की गुंड बाजूला सरकवायचा आणि म्हणायचा, "हा राहू द्या बाई, दुसरा पाहू." बायका काय ते समजून जायच्या.

एकोणऐंशी साली शेठचा मुलगा नागपुरातून कॉमर्स शिकून आला, तो डोक्यात एक खूळ घेऊनच. नोकर आपल्यामागे गिऱ्हाइकाशी कसे वागतात हे कळायला हवं, म्हणून अनोळखी बाई गिऱ्हाईक बनवून पाठवायची आणि नंतर तिच्याकडून सगळं वदवून घ्यायचं. समोर बसवून चार गोष्टी विचारायची हिंमत नाही, म्हणून हा चोरटेपणा! शहापूरच्या शाळेत पाणी भरणाऱ्या चंद्रकलाबाईला त्याने गाठलं. चांगल्या नोकराला बक्षीस द्यायचंय, असं सांगितलं. बाई साधी. तिला ते खरंच वाटलं.

पोरीचं लग्न आहे, म्हणत ती दुकानात आली. लग्न कसलं, पोरगी दुसरीत शिकत होती! धनीरामने तिला बसवलं, पाणी दिलं, अकरा गुंड उतरवून दाखवले. तिच्या मनात भरलेला नेमका बद्द वाजला. त्याने तो सरकवला, पण तिला हट्ट धरायला शिकवून पाठवलं होतं.

"काहून भाऊ? मले त हाच आवडला."

धनीरामने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "बुडाले चीर आहे बाई. सहा महिन्यात गळन. पोरीले सासरी बोलनं आयकाव लागन."

शनिवारी शेठने त्याला आत बोलावलं. मुलाच्या हातात वही होती. धनीराम जे हळू बोलला होता, ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

"खातो माह्या दुकानाचं, अन् माल माहाच खराब सांगतो?" शेठ कडाडले.

"शेठ, तिच्या पोरीचं लगन होतं."

"लगन-बिगन काही नाही. आमीच पाठवली होती तिले," मुलगा हसला. "आनखीन येतीन अशा. कोनती आपली, कोनती खरी, तुमाले समजनार नाही. पुन्हा असं झालं त घरी बसा."

घरी बसून काय खायचं होतं? स्टीलच्या भांड्यांपुढे भट्ट्या एकेक थंड होत चालल्या होत्या, घरात बायको दम्याने खिळलेली, आणि आखडल्या हाताच्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण उभं करणार? धनीराम मान खाली घालून बाहेर आला.

पंधरा दिवसांनी चंद्रकलाबाई हसतमुखाने पायऱ्या चढून आली. "भाऊ, बक्षीस भेटलं ना? म्या सांगतलं त्याईले, असा मानूस पाह्यला नाही मनून. चीर सुदिक लपवली नाही!"

धनीरामचं डोकं भणाणलं. पण त्या तोंडाकडे पाहून शिवी काही बाहेर पडेना.

"भेटलं बाई," तो म्हणाला. बाई खूश होऊन गेली.

तिथून पुढे तो गुंडाआधी बाईला वाजवून पाहू लागला. दूरच्या गावची, एकटी आलेली, पुन्हा पुन्हा विचारणारी बाई म्हणजे नक्की पाठवलेली, असं त्याने मनाशी धरलं. आणि खेड्यातली गरजू बाई तर हुबेहूब अशीच असते. दोन-तीन वर्षांत धनीरामने किती चिरलेले गुंड विकले, ते त्यालाच माहीत. शेठ मात्र त्याच्यावर खूश होते.

ब्याऐंशीच्या वैशाखात अड्याळहून बायजाबाई आली. नवरा गेलेला, लेकीचं लग्न आठ दिवसांवर. तिने एक गुंड निवडला. धनीरामची टिचकी सवयीने पडली. आवाज बद्द.

"माह्या बहिनीनं सांगतलं, धनीरामभाऊनं सरकवला त घेऊ नोको," ती म्हणाली. "हा कसा आहे भाऊ?"

नाव माहीत, खूण माहीत! म्हणजे ही पाठवलेलीच. गादीवर शेठचा मुलगा पेपर वाचत होता.

"चांगला आहे," धनीराम म्हणाला.

"मंग पाहाच लागत नाही." तिने गुंड कमरेवर घेतला आणि पायऱ्या उतरून ती एसटीकडे चालू लागली.

मुलाने बायका पाठवणं दीड वर्षापूर्वीच बंद केलं होतं. त्याला त्या खेळाचा कंटाळा आला होता. धनीरामला हे सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.