थोडं थांबा

हॉस्पिटलात तिला सगळे आकडेबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडे. कर्करोगाच्या नव्या औषधाची चाचणी कशी आखायची, यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. बाई नाकासमोर चालणारी, पण तोंडाने फटकळ. मोठमोठे डॉक्टर तिच्यापुढे जपून बोलत.

या खेपेची चाचणी तिनेच आखलेली. कुणाला जुनं औषध आणि कुणाला नवं, हे चिठ्ठी काढल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. सुरुवातीला दोन्हींच्या चिठ्ठ्या सारख्या. मग एकेका रुग्णाचं काय झालं ते कळेल तसा आधीचा अंदाज सुधारायचा आणि सरस दिसेल त्या औषधाच्या चिठ्ठ्या वाढवायच्या. पारडं कुठे झुकतंय हे दिसायचं फक्त तिला. बैठकीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने दमच भरला होता, "हे बाहेर फुटलं तर लोक पारडं झुकायची वाट बघत घरी बसतील. चाचणीचा बट्ट्याबोळ होईल. माझ्या तोंडाला कुलूप!"

आणि तोच आजार घरात आला. वहिनीला. दादा हॉस्पिटलात तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं, डॉक्टर म्हणतात हिचं नाव तुझ्या चाचणीत घालू या. घालू ना?"

पारडं तेव्हा नुकतंच नव्या औषधाकडे कलू लागलं होतं. महिन्याभरात आणखी कलेल, असा तिचा अंदाज होता. कॉम्प्युटरवरची नजर न काढता ती म्हणाली, "थोडं थांबा. पुढच्या महिन्यात घाला."

दादाने का म्हणून विचारलं नाही. बहिणीवर डोळे झाकून विश्वास!

महिन्याने पारडं खरंच झुकलं. पण वहिनीचा आजार तोवर यकृतात पोचला होता, आणि असा रुग्ण चाचणीत घ्यायचा नाही असा नियम होता. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "मी काय करू, आकडेबाई? नियम तुम्हीच घातलाय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द मोडला तो मोडला, वर आपल्याच माणसाचा घात केला. आणि त्या महिन्यात ज्यांनी चाचणीच्या कागदांवर मुकाट सह्या केल्या, ज्यांना आतून सांगणारी बहीण नव्हती, ते रोज तिच्या दारावरून जात होते. ती मान खाली घालून बसायची.

एका दुपारी वहिनीने तिला खाटेजवळ बसवून घेतलं.

"वन्सं, तोंड का पाडून बसता? तुम्ही थांबा म्हणालात तेव्हाच मी ओळखलं. माझ्याहून जास्त गरज असलेलं कोणीतरी असणार. तुम्ही घरच्यांना कधी पुढे घुसवणार नाही, ठाऊक आहे मला. माझ्या जागी आलेलं माणूस बरं आहे का हो?"

खरं ओठांपर्यंत आलं. ते सांगितलं तर वहिनीकडे उरणार काय?

"बरी आहे ती बाई," आकडेबाई म्हणाली.

वहिनीचा चेहरा उजळला. तिने तिथूनच दादाला हाक मारली, "ऐकलंत का, ती बाई बरी आहे म्हणे!"

दादा आत आला, बहिणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बहीण कोणाची आहे!"